अष्टमीचं पाणी

रत्नागिरीतल्या एका निवृत्त हेडक्लार्कने परदेशी मालिकेतलं रहस्य शेवटच्या भागाच्या वर्षभर आधी ओळखलं, असं तुमच्या कानावर आलं असेल, तर तो हेडक्लार्क मी. ओळखलं मात्र मी नाही. ओळखलं धोंडू सोनू भाटकर यांनी. ते आमच्या सोसायटीचे वॉचमन होते.

आणखी एक दुरुस्ती आधीच करून टाकतो. इथे मी त्यांना 'ते' म्हणतो आहे. ते हयात असताना, शेवटची भेट सोडली तर, मी त्यांना 'अरे भाटकर' म्हणत होतो. वयाने ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे होते. आमच्या इमारतीत त्यांना कुणीच अहो म्हणत नव्हतं, आणि ते त्यांनाही खटकत नसावं असं आम्ही सोयीने धरून चाललो होतो.

मालिकेला आम्ही नुसतं 'बेट' म्हणायचो. एक जहाज फुटतं, माणसं लाटांबरोबर किनाऱ्याला लागतात आणि त्यांचे दोन तळ पडतात. एका तळावर एक डॉक्टर, दुसऱ्या तळावर त्याची बायको. मध्ये जंगलाने भरलेला डोंगर. दोघांनाही वाटत असतं, आपलं माणूस डोंगरापलीकडे आहे. दिवस मावळताना दोघंही आपापल्या किनाऱ्यावर जाळ करतात, पलीकडून धूर तरी दिसेल म्हणून. डोंगर चढायला गेलेलं कुणी परत येत नाही. का येत नाही, हेच रहस्य. माझ्या जावयाने मला मालिकेचं कनेक्शन जोडून दिलं होतं. हिंदीतून दिसायची. दर आठवड्याला एक भाग यायचा आणि रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात, मोठ्या टीव्हीवर, आम्ही तो बघायचो. आम्ही म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले केळकर, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या त्या देसाई बाई आणि मी. भाग वीस मिनिटं कमी तासाचा, चर्चा दोन तासांची. केळकरांच्या मते सगळी माणसं आधीच मेलेली होती आणि ते बेट म्हणजे यमलोकाची वेटिंग रूम. देसाई बाईंच्या मते हा एक प्रयोग होता आणि झाडांत कॅमेरे होते. माझं स्वतःचं मत नव्हतं. जो शेवटी बोलेल त्याचं मला पटायचं.

भाटकर पाण्याच्या पंपाची किल्ली ठेवायला ऑफिसात यायचे. एका रविवारी ते दारातच थांबले. टीव्हीवर डॉक्टरची माणसं ओंडक्यांचा तराफा पाण्यात लोटत होती. मागे जोरदार संगीत होतं. आम्ही तिघंही भारावलेले.

"ह्यो उलटणार," भाटकर म्हणाले.

केळकर वळले. "तुला कुणी सांगितलं रे?"

"पाणी बाहेर चाललाय आणि वारा आत येतोय. तोंडावर लाट उभी राहता तेव्हा. मोठी होडी पण घालत नाय कुणी."

"अरे, शूटिंग आहे ते. पंखे लावून वारा करतात."

"मग पंखेवाला चुकला असंल," भाटकर म्हणाले आणि किल्ली खुंटीला अडकवून गेले.

पुढच्या रविवारी तराफा उलटला. देसाई बाईंनी स्वतः उठून दाराशी एक स्टूल ठेवलं. त्या दिवसापासून भाटकर स्टुलावर बसू लागले. आतल्या खुर्चीवर बस असं कुणी म्हटलं नाही. म्हणजे मीही नाही.

वॉचमन होण्याआधी भाटकर आयुष्यभर खाडीवर तर चालवत होते, म्हणजे माणसं अलीकडून पलीकडे नेणारी होडी. पूल झाला आणि तर बंद पडली. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. "पूल बरा. बाळंतिणीला पुलावर भरतीची वाट बघायला लागत नाय," म्हणायचे. हातात घड्याळ नव्हतं, पण किती वाजले ते सांगायचे. आमची इमारत समुद्रापासून चांगली लांब, चढावर. तरी पंप चालू करताना स्वतःशीच बोलायचे, "आता पाणी अर्ध्यावर आला असंल." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. भाटकर तो बोटांच्या पेरांवर करायचे, डाव्या हाताच्या करंगळीपासून.

वाद वाढला की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. केळकर आणि देसाई बाई हमरीतुमरीवर आले की स्टुलावरून आवाज यायचा, "दोन पाणी जाऊ दे. मग बोला." दोन भरत्या गेल्या म्हणजे एक दिवस गेला. देसाई बाईंना हे इतकं आवडलं की धाकट्या सुनेशी भांडण झालं की त्यासुद्धा दोन पाणी जाऊ द्यायच्या. त्यांच्या घरात शांतता आली ती भाटकरांमुळे, असं त्या म्हणायच्या.

एकदा त्यांनी एका वरातीची गोष्ट सांगितली होती. नवरीकडची माणसं नटूनथटून धक्क्यावर आली. पाणी वाईट होतं. भाटकरांनी होडी सोडली नाही. मुहूर्त टळला. नवरीच्या बापाने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"मग काय केलंस?" देसाई बाईंनी विचारलं.

"काय करणार? विडी ओढली. तो दमला तवा पाणी पण दमला. मग सोडली होडी."

"आणि लग्न?"

"झाला की. पोरगीला चार पोरां हायत आता. बाप मेला तोवर मला शिव्या देत होता."

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

दुसऱ्या वर्षाचे भाग चालू असताना एका दुपारी भाटकर माझ्या दारात आले. हातात नातीची अर्धी भरलेली वही होती. पुढच्या पानांवर तिचे पाढे, मागच्या पानांवर यांची चित्रं. प्रत्येक चित्रात एक खडक, खडकावर पाण्याची रेघ आणि वर चंद्राची कोर. डॉक्टरच्या तळावर एक उभा काळा खडक होता, बायकोच्या तळावर एक बसका, कालवांनी भरलेला. दर भागात ते दिसायचेच. भाटकरांनी ते वर्षभर टिपले होते.

"अण्णा, ह्या बगा. अष्टमीचा अर्धा चंद्र, दिवस मावळताना डोक्यावर. बरोबर? डॉक्टरकडे तेव्हा पाणी खडकाच्या खांद्याला. भरती. आपल्याकडे असता तसाच."

"बरं."

"आता ही बाय. तोच अर्धा चंद्र, तोच डोक्यावर, तीच दिवेलागण. आणि कालवां उघडी. सुकती, पाणी उतरलेला."

"एखाद्या वेळी झालं असेल."

"पाच वेळा," भाटकर म्हणाले. त्यांनी पाचही पानं उलटून दाखवली. "अष्टमीचा पाणी तसा लंगडा असता, फार चढत नाय, फार उतरत नाय. म्हणून कुणाच्या ध्यानात आला नसंल. पण एकाच बेटावर, डोंगराच्या अलीकडे भरती आणि पलीकडे सुकती, असा मी तरी बगितला नाय."

मला कळायला वेळ लागला. "म्हणजे बेटं दोन आहेत?"

भाटकरांनी वही मिटून हातात धरली. मग म्हणाले, "तुम्ही त्या बाहेरच्या लोकांशी लिवता ना, कॉम्प्युटरवर? त्यांना विचारा. जगात सगळीकडचे लोक असतील. कुणी दर्यावर्दी असंल. म्हणावा, मी कुठे चुकतोय ता सांगा."

"चुकतोयस कशाला? मला तर पटलं."

"तसा नाय अण्णा." त्यांचा आवाज खाली गेला. "समोरून हाक आली, कंदील हलला, की जायचा, हाच माझा धंदा. पावसात गेलोय, तापात गेलोय. समोर माणूस हाय, म्हणून तर हाक मारायची ना? आणि ही बाय रोज जाळ करता. पलीकडे कोणच नसंल तर?"

मालिका आहे रे ती, असं मी म्हटलं. त्यावर ते हसले. पण वही माझ्याकडे ठेवून गेले.

जगभरचे प्रेक्षक या मालिकेवर जिथे तर्क लढवायचे, त्या इंग्रजी चर्चापीठावर माझं खातं होतं. तिथे मी आजवर 'उत्तम', 'सहमत' एवढंच लिहिलं होतं. त्या संध्याकाळी बसून भाटकरांचा सगळा हिशेब व्यवस्थित टाइप केला. वहीच्या पानांचे फोटो जोडले. वर माझं नाव आपोआप आलं. 'हे निरीक्षण माझे मित्र भाटकर यांचं' असं एक वाक्य पहिल्या मसुद्यात होतं. लांबी कमी करताना ते गेलं. हे मी वर्षभर स्वतःला असंच सांगत होतो, की लांबी कमी करताना गेलं.

चार दिवसांत हजारो लोकांनी ते वाचलं. कुणी मला सर म्हणत होतं, कुणी भारतातला म्हातारा ऋषी. छत्तीस वर्षं मी कचेरीत पत्रं टाइप केली. खाली सही कायम दुसऱ्याची. साहेबांची इंग्रजी सुधारून मी पाठवायचो आणि कौतुक साहेबांचं व्हायचं. पहिल्यांदा माझ्या नावाखाली काहीतरी जगात गेलं होतं. हे कारण म्हणून सांगतो, सबब म्हणून नाही.

भाटकर रोज विचारायचे. पंप बंद करून जाताना जिन्यात थांबायचे. "कुणी चूक काढली काय, अण्णा?"

"नाही रे. सगळे वाहवा करतायत."

"कुणीच नाय?"

"कुणीच नाही."

त्यांचा चेहरा पडायचा. मला वाटायचं, वाहवा त्यांच्या नावाने होत नाही हे त्यांना कळलं असावं. म्हणून मी नजर चुकवायचो आणि वर निघून जायचो.

खरं तर एकाने चूक काढली होती. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातला मासेमार. मोडक्या इंग्रजीत त्याने लिहिलं होतं की त्याच्या गावासमोर एक लहानसं बेट आहे. एका अंगाला उघडा समुद्र, दुसऱ्या अंगाला चिंचोळी सामुद्रधुनी. धुनीतलं पाणी फिरून यायला इतका वेळ लागतो की एकीकडे भरती तेव्हा दुसरीकडे जवळजवळ ओहोटी असते. तेव्हा ती दोघं एकाच बेटावर असू शकतात, आशा सोडू नका, असा त्याचा शेवट होता. माझी, म्हणजे मी माझी म्हणत होतो ती, उपपत्ती त्या सहा ओळींनी मोडत होती. मूळ लेखकाला खालचा अभिप्राय झाकून टाकायची सोय तिथे होती. मी तो झाकला.

रविवारच्या बैठकीत एव्हाना मीच बोलू लागलो होतो. केळकर 'आमचे अण्णा' म्हणून ओळख करून द्यायचे. अशाच एका रविवारी डॉक्टर डोंगर चढायला निघाला. भाटकर स्टुलावरून हळूच म्हणाले, "वर पोचला तर त्याला चारी बाजूला पाणीच दिसंल. त्याला जाऊ देऊ नये."

केळकर मोठ्याने हसले. "वा भाटकर! अण्णांचं ऐकून अण्णांनाच सांगतोस? पाणी, भरती, अष्टमी! पुढच्या वेळी स्वतःचं काहीतरी आण."

देसाई बाईही हसल्या. भाटकरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं. ते फक्त वाट बघत होते. मी चष्मा काढला आणि पुसायला लागलो.

"होय," भाटकर केळकरांना म्हणाले. "अण्णांचाच हाय ता."

त्यानंतर ते स्टुलावर बसले नाहीत. किल्ली अडकवायची आणि टीव्हीकडे न बघता निघून जायचं. मी अर्थ लावला तो मला शोभेसा: माणूस दुखावला आहे, मी बोलायला हवं होतं. पण बोललो नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सोसायटीने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, केळकरांचं भाषण. खुर्च्या भाटकरांनी मांडल्या होत्या. माईकची वायर ढिली होती, म्हणून कार्यक्रमभर ते माझ्या पायांशी उकिडवे बसून ती धरून होते. माझ्या खिशात कागद होता आणि कागदावर त्यांचं नाव होतं. मी बोलायला उभा राहिलो आणि म्हणालो, "समुद्राचं निरीक्षण हा माझा लहानपणापासूनचा छंद." टाळ्या पडल्या. मला पोहताही येत नाही.

मे महिन्यात गुडघ्यांचं कारण सांगून भाटकरांनी काम सोडलं आणि ते खाडीपलीकडे मुलीकडे राहायला गेले. त्या पावसाळ्यानंतर मालिकेचे शेवटचे भाग आले. डॉक्टर डोंगरमाथ्यावर पोचला, पलीकडच्या किनाऱ्यावर बायकोचा तळ नव्हता, चारी बाजूंनी पाणी होतं आणि क्षितिजावर कुठेही दुसरी जमीन नव्हती. बेटं दोन होती. मला इतके संदेश आले की फोन बंद करून ठेवावा लागला.

कुणीतरी सांगितलं, भाटकर फार आजारी आहेत. मी रिक्षा करून गेलो. ज्या पुलाने त्यांची तर बंद केली त्याच पुलावरून गेलो. वाटेत मनाशी वाक्यं जुळवत होतो. त्यांना सांगायचं, भाटकर, तुमचंच खरं ठरलं, साऱ्या जगाने मान्य केलं, आणि मी ते माझ्या नावावर खपवलं, मला क्षमा करा. आपण काहीतरी मोठं द्यायला चाललो आहोत, असंही कुठेतरी वाटत होतं.

ते पडवीत खाटेवर होते. अंगात काही उरलं नव्हतं. त्यांची मुलगी सुरेखा चहा घेऊन आली आणि खाटेच्या पायथ्याशी बसली. मी घसा साफ केला.

"भाटकर, मी तुमचा गुन्हेगार आहे. ते सगळं माझ्या नावावर..."

त्यांनी हात वर केला. "ता राहू दे. म्हायत हाय मला. आमच्याकडे ती मालिका दिसत नाय, अण्णा. भेटली काय ती दोघां?"

"नाही," मी म्हटलं. "बेटं दोनच निघाली. तुमचंच खरं झालं."

ते छताकडे बघत राहिले. मला वाटलं, समाधान झालं असेल. मग म्हणाले, "म्हणजे एवढ्या जगात कुणीच चूक काढली नाय."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. हा माणूस रोज जिन्यात थांबून काय मागत होता ते कळलं. त्यांना बरोबर ठरायचं नव्हतंच.

मी त्या मासेमाराबद्दल सांगितलं. सगळं सांगितलं, झाकलं हेही सांगितलं. ते कोपरावर उठले. "केवढा बेट म्हणाला? मधली धुनी किती रुंद? ता आला कधी तुमच्याकडे?"

"तुम्ही वही दिलीत त्याच महिन्यात."

ते पुन्हा आडवे झाले. सुरेखा माझ्याकडे बघत होती.

"तेव्हाच सांगायचात ना, अण्णा," ते म्हणाले. "त्या बायला जाळ करताना मला बगवत नव्हता. म्हणून उठून जायचो मी. काम सुटेपर्यंत तरी बसलो असतो तुमच्यात."

केळकरांचं हसणं, माझा चष्मा, माईकची वायर, यातल्या कशानेही ते उठून गेले नव्हते.

मग ते म्हणाले, "त्याला विचारा, त्याच्याकडे पाणी कुठल्या अंगाने आधी चढता. आणि वारा असला तर काय होता." मी खिशातून कागद काढला आणि ते सांगतील तसं लिहून घेतलं. पाच प्रश्न होते. शेवटी विचारलं, खाली तुमचं नाव घालू का?

"तुमचाच घाला," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो. "तुमच्या नावाला जबाब येतो."

मी त्यांचंच नाव घातलं, पूर्ण नाव, आणि त्याच दुपारी पाठवलं. झाकलेला अभिप्रायही उघडा केला. मासेमाराचं उत्तर सविस्तर आलं, सोबत त्याने हाताने काढलेला नकाशाही होता. पण माझ्या भेटीला तोवर तीन आठवडे झाले होते, आणि भाटकर भेटीनंतर बाराव्या दिवशीच वारले होते.

त्या भेटीच्या दिवशी निघताना मी फाटकाशी मागे वळलो. भाटकर उठून बसले होते. त्यांनी माझा न प्यालेला चहा भांड्यात काढून कप बशीत बेटासारखा पालथा घातला होता आणि तो चहा त्याच्या कडेकडेने ओतत होते, थोडा थोडा, एका बाजूने. "बग, हिकडे आला, तिकडे अजून नाय," ते मुलीला सांगत होते. "आता वळसा घेऊन जाईल. थांब जरा. बग, चालला."

"बाबा, चादर भिजतेय," सुरेखा म्हणाली. पण तीही वाकून बघत होती.